कोलंबस, पण इंडियानातलं: लायसन्स मिळेपर्यंतचे चार महिने

निघायच्या आदल्या दिवशी मामाने फोनवर कोलंबसचं हवामान बघितलं आणि म्हणाला, "अजून दोन स्वेटर टाक बॅगेत." त्याने बघितलं ते ओहायोचं कोलंबस, नऊ लाख वस्तीचं. आम्ही चाललो होतो इंडियानातल्या कोलंबसला. २०२० च्या जनगणनेत इथे ५०,४७४ माणसं मोजली गेली. कोथरूडच्या एका प्रभागात आख्खं गाव मावेल. स्वेटर मात्र लागले.

नवऱ्याची बदली झाली होती, डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीच्या बालेवाडीच्या ऑफिसातून इथल्या मुख्यालयात. माझी नोकरी पुण्यात, एका कारखान्यात कॉस्टिंगची. ती सोडून मी एल-२ व्हिसावर आले, म्हणजे कंपनीने बदली केलेल्याच्या बायकोला मिळतो त्या. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. रस्त्याच्या कडेला काळपट पडलेल्या बर्फाचे ढीग आणि गावाबाहेर मक्याची कापलेली रिकामी शेतं. तिसऱ्या दिवशी दूध संपलं तेव्हा कळलं, की जवळचं दुकान अडीच किलोमीटरवर आहे आणि अर्ध्या वाटेत फूटपाथच संपतो. शहराची बस आहे. तिचं नावही 'कोलंबस'च, शेवटची तीन इंग्रजी अक्षरं तेवढी मोठी लिहिलेली. ज्याला हे सुचलं त्याला माझा नमस्कार. पण संध्याकाळनंतर ती मिळत नाही, आणि एक चुकली की दुसरीची वाट बघत गारठायचं. म्हणजे लायसन्स काढणं आलं.

पुण्यात मी बारा वर्षं गाडी चालवलेली, त्यामुळे वाटलं, आठवड्याचं काम.

लायसन्ससाठी ओळखीचा पुरावा लागतो, देशात कायदेशीर राहत असल्याचा लागतो, सोशल सिक्युरिटी नंबर लागतो आणि इंडियानात राहत असल्याचे दोन कागद लागतात. पहिली ठेच नंबरालाच लागली, कारण तो काम करायची परवानगी असेल तर मिळतो. २०२१ च्या अखेरीस एका कोर्टकेसमध्ये झालेल्या तडजोडीनंतर एल-२ वरच्या नवरा-बायकोला वेगळा परवाना न काढता काम करता येतं. पण त्यासाठी देशात शिरताना होणाऱ्या आय-९४ च्या नोंदीवर एल-२ च्या पुढे 'एस' हे अक्षर हवं. माझ्या नोंदीत ते नव्हतं. एक अक्षर! विमानतळावर शिक्का मारणाऱ्याला झोप आली असेल किंवा माझं नशीब. ती दुरुस्ती करून घ्यायला ईमेल, फोन, परत ईमेल असे तीन आठवडे गेले. मग नंबराचा अर्ज, मग पोस्टाने कार्ड येण्याची वाट.

दुसरी ठेच जास्त टोचली. घराचा करार नवऱ्याच्या नावावर. वीज त्याच्या नावावर, इंटरनेट त्याच्या नावावर. "मॅडम, तुम्ही इथे राहता असं कुठेच दिसत नाही," लायसन्सच्या ऑफिसातली काउंटरवरची बाई अगदी हसून म्हणाली. दहा वर्षं स्वतःचा पगार स्वतःच्या खात्यात घेणारी मी, कागदोपत्री कुठेच राहत नव्हते. शेवटी बँकेत जोडखातं उघडलं, त्याचं स्टेटमेंट यायची वाट बघितली आणि घरमालकाकडून करारात माझं नाव घालून घेतलं. तिथे नवा घोळ. पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव, मग आडनाव. करारात मधलं नाव गाळलेलं. बायकोच्या नावात नवऱ्याचं नाव का, हे त्या घरमालकाला समजावून सांगताना मलाच ते नीट सांगता येईना.

इथे येणाऱ्या मैत्रिणींना एकच सांगते. पहिल्या दिवशी करारावर दोघांची नावं घाला, पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न अक्षर. आणि विमानतळावरून बाहेर पडल्यावर आय-९४ तपासा.

या सगळ्या वाट बघण्यात माझे दोन महिने गेले आणि ते मी काढले पाचव्या रस्त्यावरच्या लायब्ररीत. नवरा सकाळी सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. लाल विटांची बसकी, शांत इमारत. चौथ्या-पाचव्या दिवशी कुठेतरी वाचलं, की ती आय. एम. पेई यांची आहे, १९६९ ची. पॅरिसच्या लूव्रसमोर काचेचा पिरॅमिड उभा करणारे ते पेई! समोरच्या चौकातली ब्राँझची भली मोठी कमान, जिच्या खालून मी रोज डबा घेऊन जात होते, ती शिल्पकार हेन्री मूरची. रस्ता ओलांडला की नामवंत आर्किटेक्ट एलिएल सारिनेन यांचं १९४२ चं चर्च, १६६ फूट उंच सरळसोट मनोरा. त्यांच्या मुलाने, ईरो सारिनेनने, गावात एक बँक, एक घर आणि आणखी एक चर्च बांधलं. अग्निशमन केंद्र क्रमांक चार असेच नामवंत रॉबर्ट व्हेंचुरी यांचं. पन्नास हजारांच्या गावात!

मी कॉस्टिंगमधली बाई, माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो पैशाचा. हे परवडलं कोणाला?

उत्तर कंपनीत सापडतं. क्लेसी कमिन्स हा इथल्या अर्विन कुटुंबाचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. विल्यम अर्विन यांची पेढी होती. त्यांच्या पैशावर १९१९ मध्ये कमिन्स इंजिन कंपनी निघाली. डिझेल इंजिन रस्त्यावर चालेल हे लोकांना पटेना, म्हणून क्लेसीने १९३१ मध्ये डिझेलची गाडी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरवली. तेराव्या नंबरावर आली, पण एकदाही न थांबता पाचशे मैल पुरे करून. कंपनीला पहिला नफा झाला १९३७ मध्ये. अठरा वर्षं! आमच्याकडे अठरा महिने तोटा झाला की बैठका सुरू व्हायच्या.

अर्विन यांच्या पुढच्या पिढीतले जे. अर्विन मिलर यांनी कंपनी मोठी केली. १९५० च्या दशकात गावात मुलं वाढली, शाळा कमी पडायला लागल्या, घाईघाईत उभारलेल्या शाळा दिसायला दरिद्री होत्या. मिलर यांनी कंपनीच्या फाउंडेशनतर्फे शाळा मंडळापुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही चांगल्या आर्किटेक्टची यादी देतो, त्यातला तुम्ही निवडा, त्याची फी आम्ही भरतो, बांधकामाचा खर्च तुमचा. पहिली शाळा १९५७ मध्ये हॅरी वीस यांनी बांधली. मग अग्निशमन केंद्रं आली, आणखी शाळा आल्या, इतर सार्वजनिक इमारतीही आल्या.

हिशेबाच्या नजरेने बघितलं तर चाल अफलातून आहे. आर्किटेक्टची फी म्हणजे एकूण खर्चातला लहानसा तुकडा, तो कंपनीने घेतला. मोठा तुकडा करदात्यांकडेच राहिला, पण त्यांना त्याच पैशात दसपट चांगली इमारत मिळाली. आणि कंपनीला काय मिळालं? शिकागो सोडून मक्याच्या शेतात कोणता इंजिनिअर बायको-मुलांना घेऊन येणार होता? त्याला दाखवायला शाळा मिळाल्या. मिलर यांच्या मनात एवढंच होतं असं मी म्हणणार नाही, ते खरोखर चांगल्या वास्तुकलेचे दर्दी होते. तरी नोकरभरतीचा खर्च म्हणून मी तो आकडा डोळे मिटून मंजूर केला असता.

बाबांना हे फोनवर सांगितलं तर ते हसायला लागले. ते पंचवीस वर्षं कमिन्सच्याच कोथरूडच्या कारखान्यात होते. ती कंपनी १९६२ साली किर्लोस्करांबरोबर भागीदारीत निघाली होती, आणि बाबा आजही तिला 'किर्लोस्कर कमिन्स'च म्हणतात. "तिथलं ड्रॉइंग यायचं आमच्याकडे, कोपऱ्यात कोलंबस छापलेलं असायचं," म्हणाले. मुख्यालयाच्या लॉबीत एक इंजिन आहे, सगळे भाग सुटे करून हवेत लटकवलेले, जणू स्फोटाच्या मध्यावर कोणी वेळ थांबवलाय. त्याचा व्हिडिओ पाठवला, तर त्यांनी एकेका भागाचं नाव लिहून परत पाठवलं.

इथे कोणी 'तुम्ही कुठे काम करता' असं विचारत नाही. 'कोणत्या बिल्डिंगमध्ये' असं विचारतात. वाण्याकडे कढीपत्ता मिळतो, उद्यानात मराठी कानावर पडतं, गणपतीत मोदकांच्या पातेल्यांसाठी गॅस पुरत नाही, आणि हे सगळं एका इंजिनाच्या कृपेने. मला याची थोडी भीतीही वाटते. ट्रकचा धंदा लाटांचा. धुराचे नवे नियम लागू होणार असले की ट्रकवाले आधीच खरेदी उरकून घेतात, आणि नियम आल्यावर मागणी आपटते. त्या लाटेवर इथली घरं, हॉटेलं, भाडी सगळी वरखाली होतात. गाव अगदीच एका पायावर उभं आहे असं नाही. टोयोटाची फोर्कलिफ्ट इथे १९९० पासून बनते, आणखीही जपानी कारखाने आय-६५ हायवेच्या आधाराने आले, गाड्यांची चाकं आणि ड्राइव्हशाफ्ट करणारे. पण नीट बघितलं तर तेही चाकं आणि इंजिनंच. जून २००८ मध्ये हॉ क्रीक या ओढ्याला पूर आला, हॉस्पिटल रिकामं करावं लागलं आणि ते काही महिने बंद राहिलं. लायब्ररीच्या तळघरातही पाणी शिरलं होतं. लायब्ररीतल्या एका आजीबाईंनी मला हे सांगितलं, मुठा नदीच्या पुराबद्दल आजी सांगायची त्याच आवाजात.

तर, लायसन्स.

एप्रिलमध्ये कागद जुळले. लेखी परीक्षेत ५० प्रश्न: १६ चिन्हांवर, ३४ वाहतुकीच्या नियमांवर. चिन्हांतले १४ आणि नियमांतले २८ बरोबर यावे लागतात. माझे नियमांतले २७ आले. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले, तेही एका मार्काने. पुस्तिका न वाचता गेले होते, दुसरं काय. पुढच्या आठवड्यात वाचून गेले आणि पास झाले.

लर्नर परमिट हातात आलं आणि खरी मजा सुरू झाली. इंडिकेटर द्यायला गेलं की वायपर चालू. डावा हात दारावर आपटायचा, गिअर शोधत. नवरा शेजारी बसून खोटं शांत राहायचा. "अगं, हॉर्न का वाजवतेस?" "वळणावर वाजवतात!" "इथे नाही वाजवत." चार बाजूंना 'स्टॉप' असलेल्या चौकात जो आधी आला तो आधी जातो, हे पटायला मला पंधरा दिवस लागले. शाळेची पिवळी बस थांबून तिचा लाल फलक बाहेर आला की मागचे थांबतात आणि दुभाजक नसेल तर समोरचेही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कोणी मंत्री चाललाय.

ड्रायव्हिंग टेस्टला आपलीच गाडी न्यायची, इन्शुरन्सच्या कागदांसकट. परीक्षक मध्यमवयीन गृहस्थ, टोपी घातलेले, गप्प. मी सगळं नीट केलं असं मला वाटत होतं. परत आल्यावर म्हणाले, "तीनदा स्टॉपला तुम्ही थांबला नाहीत." थांबले होते की! "हळू केलीत. चाक फिरायचं थांबलं नाही." नापास. गाडीत बसून रडले, खरं सांगते. रडण्याचं कारण स्टॉप नव्हता, फेब्रुवारीपासून साठलेलं होतं.

दुसऱ्या वेळी प्रत्येक स्टॉपला मनात 'गणपती बाप्पा मोरया' म्हणून मग निघाले. तेवढा वेळ बरोबर पुरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पास झाले.

कार्ड पोस्टाने आलं. त्यावरची मुदत आमच्या व्हिसाच्या तारखेपर्यंतची. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, नोकरी कंपनीवर, कंपनी ट्रकवर. कॉस्टिंगमध्ये अशी साखळी काढून दाखवणं हेच माझं काम होतं.

पहिल्यांदा एकटी निघाले ती दक्षिणेला, वेल्सबोरोच्या कमिन्सच्या कारखान्याकडे. तिथे रॅम पिकअपची डिझेल इंजिनं बनतात, बाबांना फोटो हवा होता. मी पोचले आणि नेमकी शिफ्ट सुटली. गेटमधून गाड्यांची रांगच रांग, त्यातल्या कितीतरी रॅमच, बाजूला 'कमिन्स' लिहिलेल्या. मी स्टॉपला थांबले, मोरया म्हटलं, आणि तरी जायचा धीर होईना. मागे पाच-सहा गाड्या जमल्या होत्या. कोणीही हॉर्न वाजवला नाही. शेवटी समोरच्या पिकअपमधल्या बाईने काच खाली करून हात हलवला, 'जा गं बाई' अशा थाटात, आणि मी वायपर चालू करून डावीकडे वळले.