काठी पायानं पेलायची असते

डिसेंबरअखेर, मंगळवारची रात्र

सध्या पहाटेचं ध्यानाला बसणं चांगलं होतंय. का होतंय, याचा आज दिवसभर विचार केला. पद्धत तीच आहे. श्वासावर लक्ष ठेवायचं, मन कुठं गेलं की ओरडाआरडा न करता परत आणायचं. बदललंय ते रात्रीचं. जेवण आठच्या आत होतं. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाचटणी, बस. दहाला दिवा बंद. उन्हाळ्यात हे जमत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, भिंती रात्री बारापर्यंत तापलेल्या असतात, झोप तुकड्या-तुकड्यांत लागते आणि सकाळी बसलं की डोळे मिटताच पेंग येते. त्याला मनाचा चंचलपणा म्हणणं शरीरावर अन्याय आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन कसं घालावं, नजर कुठं ठेवावी हे सांगून झालं की लगेच जेवणा-झोपेचा विषय येतो. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत राहणाऱ्यालाही नाही. लहानपणी हा श्लोक पाठ केला तेव्हा तो पथ्याचा वाटला होता. आता वाटतं, ध्यानाचं निम्मं काम त्यातच आहे.

संध्याकाळी ताईकडं गेले होते. भाचा यंदा नंदीध्वजाच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठीच्या, सरावाला जातोय, त्यामुळं घरात दुसरा विषयच नाही. जानेवारीत आमच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी हा पांढरा अंगरखा घातलेले मानकरी आणि भक्त ते पेलतात, आणि पहिल्या दिवशी शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. एवढी उंच, जड काठी सरळ उभी ठेवून गर्दीतून चालायचं म्हणजे खायचं काम नाही. मी त्याला विचारलं, "हात दुखत नाहीत का रे?"

तो म्हणाला, "मावशी, काठी हातानं नाही गं पेलत, पायानं पेलतेत. पाय नीट पडला नाही की वरचं टोक लगेच सांगतंय."

मग त्यानं अंगणात उभं राहून दाखवलं. गुडघे किंचित सैल, तळवे पूर्ण जमिनीला, खांदे खाली, मान मोकळी. श्वास रोखलेला नाही. नवीन पोरं दम धरून ठेवतात आणि त्यामुळंच लवकर थकतात, असं जुनी माणसं त्याला सांगतात. मी बघतच राहिले. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरं आणि ध्यान सातवं, आणि आसनाची व्याख्या दोनच शब्दांची: स्थिर आणि सुखकर. तो पोरगा ते सूत्र पायांवर उभा राहून सांगत होता.

श्वासाचं तर शरीरशास्त्रही आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना मंदावतात. उच्छ्वास लांबवला की शरीराला शांत करणारी मज्जासंस्था पुढं येते. म्हणून बसल्याबरोबर मन आवरायला जाण्यापेक्षा आधी काही श्वास सावकाश सोडणं मला जास्त पटतं.

परतताना तळ्याकाठून आले आणि सिद्धरामांची आठवण मनातून जाईना. बाराव्या शतकातले हे शिवयोगी. पोरवयात मल्लिकार्जुनाच्या ओढीनं श्रीशैलला गेले, परत येऊन त्यांनी या सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, लोकांना बरोबर घेऊन तळं खोदलं. योगी आणि हातात कुदळ! कन्नड वीरशैव परंपरेत एक कथा आहे. अल्लमप्रभू हे वीरशैव संत इथं आले तेव्हा तळ्याचं काम चालू होतं. त्यांनी कामकऱ्यांना विचारलं, तुमचा वड्डर सिद्धराम कुठं आहे? गुरूला दगडमातीचं काम करणारा म्हटलं म्हणून लोक चिडले, दगड घेऊन धावले. पुढं अल्लमांनी सिद्धरामांना बाहेरच्या कामापलीकडची आतली वाट दाखवली आणि ते कर्नाटकातल्या कल्याणला, बसवेश्वरांच्या अनुभवमंटपाकडं, म्हणजे शिवभक्तांच्या चर्चेच्या सभेकडं, गेले.

ही कथा ऐकली की बरेच जण म्हणतात, बघा, शेवटी आतलंच खरं. मला तसं वाटत नाही. तळं आजही आहे, त्यात देऊळ आहे, आणि सिद्धरामांची वचनंही आहेत. ज्यानं माणसं जमवून माती उपसली त्यालाच अल्लमांचं बोलणं झेपलं असेल. शरीराला जिम, मनाला समुपदेशक आणि आत्म्यासाठी रविवारचा सत्संग, अशी वाटणी करून आपण तिन्हीकडं अर्धेमुर्धे राहतो, हे आजूबाजूला रोज दिसतं.

म्हणूनच मैत्रिणीची काळजी वाटते. तिचं नैराश्यावरचं औषध चालू आहे आणि कुणी तरी तिला सांगितलंय की ध्यान सुरू केलंस, आता गोळ्या सोड. मला राग आला. ध्यानावर माझं प्रेम आहे, पण ते डॉक्टरांच्या जागी बसवायची गोष्ट नाही. काही जणांना तर फार वेळ डोळे मिटून बसलं की घालमेल वाढते. रात्री तिला फोन केला. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, हे तिच्याकडून वदवून घेतलं. गुडघा दुखतो म्हणाली, तर खुर्चीत बस, पाय जमिनीला टेकव, डोळे अर्धे उघडे ठेव, पाचच मिनिटं बस, म्हटलं. बसवत नसेल तर चाल.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी कंबर तलावाकडं फिरायला जाणार आहोत. येताना तिच्याकडंच नाश्ता.