दहिसर नदीचा गाळ मोजताना: माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी दहिसर नदी निवडली, तेव्हा पावसाळ्यात ती किती गाळ वाहून नेते याचा अंदाज टर्बिडिटी मीटरने, म्हणजे पाण्याचा गढूळपणा मोजणाऱ्या उपकरणाने, सहज घेता येईल, अशी माझी समजूत होती. तुळशी तलावाकडून निघून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून उतरणारी आणि मनोरीच्या खाडीला मिळणारी ही नदी जेमतेम १२ किलोमीटर लांबीची आहे. उद्यानात तिच्यात डोंगरउतारावरची माती येते, तर बाहेर पडताच तबेल्यांचे शेण आणि वस्त्यांचे सांडपाणी मिसळते. म्हणून मी एक ठिकाण उद्यानात आणि दुसरे खाली पुलाजवळ ठरवले.

मीटर पाण्यातून प्रकाश सोडतो, कणांवर आपटून ९० अंशांत विखुरलेला प्रकाश मोजतो आणि फॉर्मेझिन या पदार्थाच्या ठरावीक गढूळपणाच्या प्रमाण द्रावणांशी ताडून एनटीयू या गढूळपणाच्या एककात आकडा देतो. हा आकडा गाळाचे वजन नव्हे, हे पुस्तकात वाचले होते, पण ते मनावर ठसले फार उशिरा. वजनासाठी तेच पाणी काचतंतूच्या फिल्टरमधून गाळून, १०३ ते १०५ अंश सेल्सिअसला वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तोलावे लागते, तेही वजन स्थिर होईपर्यंत पुन्हापुन्हा. जोराच्या पावसानंतरचे पाणी गाळताना फिल्टर लगेच तुंबत असे. प्रयोगशाळेतल्या काकांनी सांगितले, "पाणी कमी घ्या, पण बाटली नीट हलवून घ्या, नाहीतर वाळू तळाशीच राहील." माझे पहिले पाच-सहा नमुने याच कारणाने बाद झाले होते.

सगळ्या नमुन्यांचे एनटीयू आणि वजन एकाच आलेखावर मांडले, तेव्हा बिंदू तांदूळ सांडावेत तसे विखुरले. मार्गदर्शक मॅडमनी एवढेच विचारले, "दोन्ही ठिकाणांचे बिंदू एकाच रंगात का?" रंग वेगळे केल्यावर दोन स्वतंत्र रेषा दिसू लागल्या. तेवढ्याच वजनाची बारीक चिकणमाती जाड वाळूपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश विखुरते, आणि शेणाचे हलके सेंद्रिय कण मातीहून वेगळे वागतात. त्यामुळे एनटीयूवरून वजन काढण्याचे एका ठिकाणचे समीकरण दुसरीकडे चालत नाही.

गाळाच्या भारासाठी, म्हणजे नदी दिवसाला किती गाळ नेते हे काढण्यासाठी, विसर्गही (सेकंदाला वाहणारे पाणी) हवा होता. अरुंद, सरळ पात्रात नारळ सोडून पृष्ठभागाचा वेग काढला, सरासरी वेगासाठी त्याला ०.८५ ने गुणले आणि पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणून विसर्ग मिळवला. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम गाळ आणि सेकंदाला १० घनमीटर पाणी असेल, तर त्यांच्या गुणाकाराला एकके बदलण्यासाठी ०.०८६४ ने गुणून दिवसाला ४३२ टन हा हिशेब येतो. मात्र एवढ्या लहान नदीचा पूर दोन-तीन तासांत ओसरतो, शिवाय पाणी चढताना ते उतरतानापेक्षा जास्त गढूळ होते. म्हणून दिवसातून एकच बाटली भरण्याऐवजी पावसात छत्री सावरत दर पंधरा मिनिटांनी नमुना घेणे भाग पडले.

खालच्या ठिकाणी वेगळीच अडचण निघाली. भरतीच्या वेळी खाडीचा चिखल उलटा वर येतो, आणि मग विसर्ग कसला मोजणार? तेव्हापासून भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून मी फक्त ओहोटीतच तेथे जाऊ लागले. फेब्रुवारीत मात्र तेथल्या पाण्याला नाक मुठीत धरावे अशी दुर्गंधी असूनही मीटरचा आकडा कमीच येत होता, कारण विरघळलेला अमोनिया प्रकाश विखुरत नाही आणि काळसर रंग तर तो शोषूनच घेतो. प्रदूषणासाठी बीओडीची, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची, वेगळी चाचणी करावी लागली.

अहवालात मी गाळाचा भार फक्त वरच्या ठिकाणासाठी दिला. खालचा रकाना रिकामा का, असे तोंडी परीक्षेत विचारले, तेव्हा मी भरतीची अडचण सांगितली आणि वरचे समीकरण तिथे का चालत नाही हे दाखवायला दोन रंगांचा तो आलेख पुढे ठेवला.