दमा होता, मग पायाला काय झालं?

आमच्या फोंड्याच्या घरी चवथीला येणारं प्रत्येक माणूस माझ्या उजव्या पायातला पट्टा बघून विचारतं, "तुला दमा होता ना गो? मग हे काय, पॅरालिसिस?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

पॅरालिसिसचा झटका नव्हे. माझा मेंदू ठीक आहे, मणकाही. आजार रक्तवाहिन्यांचा आहे. त्याचं जुनं नाव चर्ग-स्ट्रॉस, कारण १९५१ साली जेकब चर्ग आणि लोटे स्ट्रॉस यांनी त्याचं वर्णन केलं. बहुतेकदा मोठ्या वयात दमा लागतो, नाक सतत चोंदतं, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि मग बारीक रक्तवाहिन्या सुजतात.

नसेला, म्हणजे मज्जातंतूलाही, जगायला रक्त लागतं. ते पुरवणारी बारीक वाहिनी सुजून बुजली की तिथून पुढे नस मरत जाते. कुठली वाहिनी बुजेल याला धरबंध नाही. माझ्या उजव्या पोटरीत आधी आग व्हायची, मग पाऊल वर उचलेना, चप्पल निसटली तरी कळेना. पाठोपाठ डाव्या हाताची करंगळी बधिर झाली. अर्धांगात सहसा एकच बाजू जाते; इथे उजवा पाय आणि डावा हात!

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, आधी मधुमेह आणि कुष्ठरोग तपासला. कुष्ठरोग ऐकून घरचे गप्प झाले. पण अशा एकेक नसा जायला आपल्या देशात ते मोठं कारण आहे, औषधाने बराही होतो. त्यात लाजायचं काय? मग नसांची तपासणी झाली, घोट्याजवळच्या नसेचा तुकडा काढला, तेव्हा निदान झालं.

स्टेरॉइडला लोक फार नावं ठेवतात. माझ्या बाकीच्या नसा त्यानेच वाचल्या. गेलेली नस मात्र आपली आपण वाढते, दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. गुडघ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत मोजा, वर्ष सहज उलटतं. तोवर पट्टा आणि रोजचा व्यायाम.

तुमच्या घरात मोठेपणी दमा लागलेलं कुणी असेल आणि अचानक पाऊल लटकं पडलं किंवा हात बधिर झाला, तर तेल चोळत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, दम्याचंही सांगा. इओसिनोफिलचा आकडा साध्या रक्ततपासणीतही मिळतो.