तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पण तू त्यांना बरं करतेस का?’

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, एकदा तर पासपोर्टच्या रांगेत. आधी ‘तुम्ही काय करता?’ मी सांगते, मेंदूला इजा झालेल्या माणसांची भाषा आणि स्मरणशक्ती तपासते. ‘म्हणजे डॉक्टर!’ तशी नाही हो, पीएचडीवाली. आणि मग तो प्रश्न येतोच: ‘पण त्यांना बरं करता का?’ आमच्या आत्याने हा इतक्यांदा विचारलाय की हल्ली ती नुसती भुवई उडवते.

नाही, बरं करत नाही. एवढं सांगून मठ्ठ्याकडे वळता येतं आणि बहुतेकदा मी तेच करते. आज जरा सविस्तर.

माझ्या विषयाचं नाव कॉग्निटिव्ह न्यूरोसायकॉलॉजी. मराठीत ‘बोधात्मक’ वगैरे जोडून एक शब्द करता येतो, पण तो मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. काम मात्र सोपं सांगता येतं. घरातला एक फ्यूज उडाला की तेव्हाच कळतं, देवघरातला आणि मोरीतला दिवा एकाच वायरवर आहेत आणि फ्रिज वेगळ्या. सगळं चालू असताना हे कुणाला दिसत नाही. मेंदूत काय बंद पडलं आणि त्याच वेळी काय चालू राहिलं, ते बघत बसायचं. बघत बसणं हाच धंदा.

या धंद्यातली आमची मोठी माणसं म्हणजे ब्रेंडा मिल्नर. 1918 साली मँचेस्टरला जन्म. केंब्रिजला गणित शिकायला गेल्या, आपण थोर गणिती होणार नाही हे लवकर ओळखलं आणि मानसशास्त्राकडे वळल्या. 1944 मध्ये नवऱ्याबरोबर कॅनडात माँट्रियलला आल्या, शिकवायला लागल्या, आणि मग पुन्हा विद्यार्थिनी होऊन 1952 मध्ये मॅकगिल विद्यापीठातून मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या हाताखाली पीएचडी केली. दरम्यान वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूच्या सर्जनकडे त्यांचा वावर सुरू झाला होता. पेनफिल्ड अपस्मारासाठी, म्हणजे फिट्स थांबाव्यात म्हणून, मेंदूचा थोडा भाग काढत आणि मिल्नर ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंटच्या चाचण्या घेत.

पी. बी. आणि एफ. सी. अशा आद्याक्षरांनी ओळखले जाणारे दोन पेशंट ऑपरेशननंतर नवीन काही लक्षात ठेवेनासे झाले. काढलेला भाग तर एकाच बाजूचा होता. मग असं का? दुसरी बाजू आधीपासूनच खराब असणार, असा अंदाज मिल्नर आणि पेनफिल्ड यांनी मांडला. 1955 मध्ये हे एका परिषदेसाठी मांडलेलं वाचून अमेरिकेतल्या हार्टफर्डचे सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी पेनफिल्डना कळवलं, की माझ्याकडेही असा एक आहे. तो एच. एम. 1953 मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला होता. तेव्हा तो 27 वर्षांचा. फिट्स पुष्कळ कमी झाल्या, पण त्यानंतर भेटलेलं माणूस खोलीबाहेर जाऊन परत आलं की त्याला ते नवंच वाटे.

मिल्नर माँट्रियलहून रेल्वेने हार्टफर्डला जात. प्रत्येक वेळी नव्याने ओळख करून द्यायची. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आरशात बघून पेन्सिल चालवणं भलतंच अवघड; तुम्ही करून बघा. तीन दिवसांत त्याचा हात छान बसला. आणि तिसऱ्या दिवशीही, हे आपण आधी कधी केलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे हाताची आठवण वेगळ्या वायरवर. 1957 मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा एच. एम.वरचा पेपर आला, 1962 मध्ये चांदणीचा, आणि ‘स्मरणशक्ती’ नावाची एकच एक गोष्ट आहे हा समज मोडला. एच. एम. ऐकलेले आकडे लगेच परत म्हणू शके, पण नवीन काही टिकत नसे. पुढे लंडनला एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांना नेमका उलटा पेशंट सापडला, के. एफ. त्याला ऐकलेले दोन आकडे लगेच परत म्हणताना नाकी नऊ येत, पण नवीन गोष्टी शिकून लक्षात ठेवायला अडचण नव्हती. आमच्या विषयात असे दोन उलटे पेशंट सापडणं म्हणजे पत्रिका जुळण्यासारखं.

मिल्नरबाईंनी एच. एम.ला बरं केलं का? नाही. 2008 मध्ये तो गेला तोपर्यंत अर्धशतकाहून जास्त काळ त्याच्या चाचण्याच झाल्या. मरणानंतर त्याचं नाव जाहीर झालं, हेन्री मोलेसन. मात्र दोन्ही बाजू काढू नका, हे स्कोव्हिल स्वतःच इतर सर्जनना सांगू लागले. आणि पी. बी. वारल्यावर त्याचा मेंदू तपासला तेव्हा दुसरी बाजू खरोखरच सुकलेली निघाली. ऑपरेशनच्या आधी ‘याची दुसरी बाजू धड आहे ना’ हे तपासायची शिस्त या माणसांमुळे लागली. ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. काल हो म्हटलेलं ज्याला आज आठवत नाही, त्याच्या जिवावर इतक्या जणांची करिअर उभी राहिली, हे मला टोचतं. मिल्नरना 2014 मध्ये मेंदूविज्ञानातलं मानाचं काव्हली पारितोषिक मिळालं तेव्हा मला आनंद झाला आणि हेही आठवलं.

माझी गोष्ट पुष्कळ लहान. पुण्यात एम. ए., मग बंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत दोन वर्षं एम. फिल., मग इंग्लंडात पीएचडी, मग दोन-दोन वर्षांची कंत्राटं. त्या काळाचं वर्णन करत नाही. ज्यांनी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची अशी कंत्राटी संशोधनाची नोकरी, केलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना कंटाळा येईल. परत आले तेव्हा पहिलं वर्ष गेलं चित्रं काढून घेण्यात. बॉस्टनच्या एका प्रसिद्ध चाचणीत 60 चित्रं ओळखायची असतात. त्यात बीव्हर आहे, इग्लू आहे, प्रेट्झेल आहे. सदाशिव पेठेतल्या आजोबांना प्रेट्झेल ओळखता आला नाही म्हणून त्यांना वाचाघात झालाय, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा गेलीय, असं ठरवायचं का? मग अडकित्ता, रहाट, पाटा-वरवंटा असं करत गेलो, तर धडधाकट पंचविशीतली मुलं रहाटावर अडकली. पुन्हा वयानुसार याद्या.

वाचनाचं तर आणखी मजेदार. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत असल्यामुळे, अक्षरं जुळवून वाचणारा पेशंट आणि शब्द ओळखून वाचणारा पेशंट वेगळे काढता येतात. मराठी लिहिलं तसं वाचलं जातं, इथे हा फरक दिसणार कसा, असं माझे इंग्लंडातले सर म्हणत. मी त्यांना ‘जात’ लिहून दाखवलं. ‘तो जात आहे’ मधला ज वेगळा, ‘जातपात’ मधला वेगळा. ‘चार आंबे’ आणि ‘गाईला चारा चार’. एकच अक्षर, उच्चार दोन, आणि कुठला कुठे हे शब्द माहीत असल्याशिवाय कळत नाही. सर पाच मिनिटं गप्प होते. माझ्या अख्ख्या करिअरमधली ती सर्वांत समाधानाची पाच मिनिटं.

अशाच शब्दांसाठी मी एका काकांकडे दर गुरुवारी जाऊ लागले. निवृत्त हेडक्लार्क, डाव्या मेंदूला स्ट्रोक. समजायचं बरंचसं, बोलणं जवळपास गेलेलं. चार बोटं दाखवली तर ओठ हलत, शब्द येत नसे, आणि मग ते स्वतःवरच चिडत. पण ‘बे एके बे’ म्हणून सुरुवात करून दिली की गाडी थेट ‘बे दाही वीस’पर्यंत. मधला ‘चार’ अगदी खणखणीत. हे वाचाघातात नेहमीच दिसतं. पाठ केलेलं वेगळ्या रस्त्याने येतं. मी टिपून घेतलं, वेळ मोजली, रेकॉर्ड केलं. दीड वर्ष.

पेपर पाठवला तर एका परीक्षकाचा शेरा: नमुना फार लहान आहे. लहान कसला, एकच होता, तेच तर लिहिलं होतं! एकेका पेशंटचा अभ्यास करणाऱ्यांची 1984 पासून स्वतंत्र नियतकालिकं आहेत, त्यावर वादही झडून गेलेत, पण हा शेरा काही मरत नाही. तिसऱ्या ठिकाणी छापून आला.

शेवटच्या भेटीत काकू म्हणाल्या, ‘मॅडम, यांची गंमत सांगायची राहिली. हल्ली भाजीला हेच जातात.’ विचारलं, आकडे कसे सांगतात? काकांनी मलाच करून दाखवलं. हाताने ‘थांबा’ अशी खूण, मान खाली, पुटपुटत ‘बे एके बे, बे दुणे’, आणि मग मान वर करून मोठ्याने: ‘चार!’ चार लिंबं. विषम आकड्यांना काय करता, असं मी विचारल्यावर ते हसले. तीन हवी असली तरी चारच आणतात, काकू म्हणाल्या.

ही युक्ती मी शिकवलेली नव्हती. पेपर तोवर छापखान्यात गेला होता. संपादकांच्या हातापाया पडून मी ती तळटीपेत घालून घेतली. दीड ओळ आहे.