न केलेली प्रार्थना

साडेनऊला मावशीचा फोन. रिपोर्ट आला, गाठ साधी निघाली. मी हुश्श म्हणतेय तोवर ती म्हणाली, "तू रोज माझ्यासाठी देवाजवळ बसत होतीस ना? तुझंच पुण्य गं हे."

यावर मी काय बोलले, तर "अगं, काहीतरीच काय!" नाकारलंही नाही, कबूलही केलं नाही. विनयाचा सूर लावला की खोटं बोलावंच लागत नाही, समोरचा आपणहून समजून घेतो.

खरं म्हणजे मी तिच्यासाठी एकदाही बसले नाही. बसत होते रोज, पण माझ्या त्या कामासाठी. तीन आठवड्यांपूर्वी ती रडवेल्या आवाजात म्हणाली होती, "माझ्यासाठी माग काहीतरी." मी "मागते ना, तू काळजी नको करू" म्हटलं, फोन ठेवला आणि विसरले. त्यानंतर मागताना तिचं नाव ओठांवरही आलं नाही.

आता अकरा वाजून गेले तरी तेच डोक्यात घोळतंय. लाज वाटतेय, ते सोडा, वाटायलाच हवी. पण लाजेच्या आडून दुसरंच काहीतरी डोकावतंय आणि ते लिहायला हात धजत नाही. हेवा. तिचा रिपोर्ट चांगला आला याचा आनंद झालाच, खोटं नाही. पण त्याच्या मागोमाग मनात आलं: जिच्यासाठी मी काहीच मागितलं नाही तिचं झालं, आणि जे मी चार महिने डोळे मिटून, कधी डोळे पुसून मागतेय ते तिथल्या तिथेच. मनात असं येणारी बाई देवाजवळ कशाला बसते?

(आईला हे सांगायची सोय नाही. ती म्हणेल, तुझं मागणंच चुकीचं असेल. तिच्याकडे देवाची बाजू कायम तयार.)

तुकोबांचं बरं होतं. 1630 च्या दुष्काळाने बायको नेली, मुलगा नेला, दुकानाचं दिवाळं काढलं. मग ते देवाशी भांडले, माझ्या लेखी तू मेलास असंही त्याला सुनावून मोकळे झाले. भांडायला हक्क लागतो, तो त्यांनी कमावला होता. मला भांडायचीही भीती वाटते. न जाणो, होत आलेलं काम अडायचं. एवढीच माझी श्रद्धा, हिशेबी आणि घाबरट.

दादाला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. म्हणाला, "केली नाहीस तेच बरं झालं." मग त्याने त्याचा तो आवडता अभ्यास काढला. 2006 साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतला, सहा हॉस्पिटलांतल्या बायपासच्या 1802 पेशंटांवरचा. अनोळखी माणसांनी त्यांच्यासाठी चौदा दिवस प्रार्थना करायची. काही पेशंटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार हे नक्की. बाकीच्यांना सांगितलं, होईल किंवा होणारही नाही. या बाकीच्यांत ज्यांच्यासाठी झाली आणि ज्यांच्यासाठी नाही झाली, दोन्ही गटांत गुंतागुंत जवळजवळ सारखी, 52 आणि 51 टक्के. ज्यांना नक्की माहीत होतं त्यांच्यात मात्र 59. बहुधा धसकाच घेतला असावा, आपलं एवढं बिघडलंय की थेट देवाकडे माणसं लावलीत!

मी हसले. पण फोन ठेवल्यावर दादाच्या टक्क्यांपेक्षा दुसरीच गोष्ट मनात राहिली. प्रार्थना करणाऱ्यांना पेशंटची माहिती काय दिली होती, तर पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर. बस. चेहरा नाही, वय नाही. तेवढ्यावर ती माणसं चौदा दिवस मागत राहिली. मला तर मावशीचं सगळं ठाऊक होतं, ती झोपेत काय बडबडते तेसुद्धा. आणि मी एक दिवस नाही.

मग मघाशी एकदम पसायदान आठवलं. लहानपणापासून म्हणतेय, हात जोडून, मन भलतीकडे ठेवून. 1290 मध्ये एवढा मोठा ग्रंथ पुरा करून ज्ञानोबा देवाकडे मागायला बसले आणि पहिलं मागणं कुणासाठी, तर दुष्टांसाठी. त्यांचा वाकडेपणा जावा म्हणून. ज्यांना समाजाने वाळीत टाकलं होतं त्यांनी हे मागितलं. स्वतःसाठी वेगळं असं काही नाहीच. आणि पुढे, ज्याला जे हवं असेल ते त्याला मिळो. म्हणजे यात मावशी आली. मीही आलेच की! पहिलं नाव नाही, आडनावाचं अक्षर नाही, तरी सातशेहून जास्त वर्षं माझा अर्ज तिकडे पडून आहे. आणि मी आपली रोज नवा भरतेय, तोही चुका करत. मला हसूच आलं, एकटीलाच.

मावशीला खरं सांगायचं का? तिच्या आनंदात माझी कबुली कशाला कालवायची, असं वाटतं. पण हेही माझ्याच सोयीचं आहे, ते कळतंय. बघू रविवारी. ती येणारच आहे, आणि समोर बसली की तिला माझ्या तोंडावरून सगळं कळतंच.

तोवर निदान राहिलेलं तरी करावं म्हणून आत्ता जाऊन बसले. मावशीचं नाव घेतलं. पुढे काय मागायचं ते सुचेना, रिपोर्ट तर येऊन गेलाय. नुसतंच नाव घेत बसले, पाचएक मिनिटं असेन. मग उठून दिवा मालवला आणि वहीत हे पूर्ण करायला घेतलं, तर आत्ता लक्षात येतंय, माझं मागायचं आज राहूनच गेलं.