हाउगेन: टेकाडाचं आडनाव कसं झालं (नोंद चौथी)

मंडळी, आडनावं आणि वस्त्यांची नावं उलगडायच्या आपल्या छंदात -सेन शेपटीची नॉर्वेजियन आडनावं मागच्या नोंदीत संपवली. हान्सेन म्हणजे हान्सचा मुलगा, उल्सेन म्हणजे उलेचा, हे एकदा कळलं की त्यात फारसं कोडं उरत नाही. या वेळी शेतवस्त्यांच्या नावांवरून आलेल्या आडनावांना हात घातला आणि पहिलंच घेतलं ते हाउगेन. त्याला कारण एक पदक.

१९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, फ्रान्समधल्या शामोनीत, स्की-उडीचं कांस्यपदक नॉर्वेच्या थोरलाइफ हाउगला मिळालं. चौथा आला अमेरिकेकडून उतरलेला अँडर्स हाउगेन. तो मूळचा नॉर्वेतल्या टेलेमार्कचाच. पन्नास वर्षांनी लक्षात आलं की गुणांच्या हिशेबात चूक झाली होती आणि तिसरा क्रमांक हाउगेनचा होता. थोरलाइफ हाउग १९३४ मध्येच वारला होता. १९७४ मध्ये त्याच्या मुलीने ते पदक ऑस्लोत पंच्याऐंशी वर्षांच्या अँडर्स हाउगेनच्या हाती सोपवलं. ही गोष्ट वाचून माझा गळा दाटून आला होता. पण आपल्यासारख्यांचं लक्ष जिथे जायचं तिथेच गेलं: हाउग आणि हाउगेन. एकाच शब्दाची दोन रूपं, एक पदक.

शब्द

प्राचीन नॉर्स भाषेत 'हाउग्र' म्हणजे टेकाड, उंचवटा. आजच्या नॉर्वेजियनमध्ये तो 'हाउग' झाला. नॉर्वेजियन भाषेत निश्चितपणा दाखवणारा प्रत्यय नामाच्या शेवटी जोडतात, म्हणून हाउग म्हणजे कुठलंही टेकाड आणि हाउगेन म्हणजे 'ते टेकाड', बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलेलं. मराठीत यासाठी वेगळा प्रत्यय नाही, पण गावाकडे 'टेकावरचे आले होते' असं कोणी म्हटलं की कुठलं टेक हे विचारावं लागत नाही. हाउगेनमधल्या त्या शेवटच्या 'एन'मध्ये नेमकी ती ओळख आहे.

भावंडं पुष्कळ आहेत. हाउग, हाउगेन, हाउगे, हाउगलान, हाउगेरुड. मध्य नॉर्वेतल्या ट्रेंडेलागकडे हाउगान, म्हणजे 'ती टेकाडं'. यातलं मला सगळ्यात आवडलेलं रूप हाउगे. ते बऱ्याच ठिकाणी जुन्या भाषेतल्या विभक्तीचं रूप आहे. 'टेकाडावर' राहतो असं सांगताना शब्दाला जो प्रत्यय लागायचा, तो तसाच चिकटून राहिला आणि नाव झालं. पुढे बोलीतून ती विभक्ती बहुतेक ठिकाणी गळाली, नावात मात्र राहिली. सामान्यरूपाशी रोज व्यवहार करणाऱ्या मराठी माणसाला यातली मजा वेगळी समजावून सांगायला नको.

उच्चाराबद्दल एक. मी सोयीसाठी 'हाउगेन' लिहितोय, पण पहिला स्वर 'आ' नाही. तो 'अॅ'च्या जवळून सुरू होऊन ओठ आवळत 'उ'कडे जातो. 'हॅउगन' म्हटलंत तर बरंच जवळ पोचाल.

हाउग म्हणजे नुसता नैसर्गिक उंचवटा नव्हे, पुरलेल्या माणसावर रचलेला मातीचा ढीगही हाउगच. व्हायकिंग काळातली दोन जहाजं, १८८० मध्ये गोकस्टाडचं आणि १९०४ मध्ये ओसेबर्गचं, अशाच हाउगांमधून बाहेर आली. ओसेबर्गच्या जहाजात दोन स्त्रियांना पुरलं होतं, इसवी सन ८३४ मध्ये. जुन्या समजुतीप्रमाणे वस्ती पहिल्यांदा वसवणारा पुरुष तिथल्या हाउगातच राहून घराची राखण करायचा आणि नाताळात त्याच्यासाठी तिथे बिअर ओतायचे. हे वाचल्यावर प्रत्येक हाउगेनखाली कोणी सरदार झोपलेला असेल असं वाटू लागतं. मलाही काही दिवस वाटलं. पण बहुसंख्य हाउगेन ही साधी टेकाडं आहेत: पाणी न साचणारी, घर बांधायला बरी, नांगराला गैरसोयीची. सुपीक सपाट जमिनीवर घर कोण बांधेल?

(स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरच्या 'मेसहाउ' या प्राचीन थडग्याच्या नावातला 'हाउ' हाच. नॉर्स लोक जिथे गेले तिथे टेकाडांना नाव देत गेले.)

तीन पदरी नाव

हे या नोंदीचं खरं पोट आहे, म्हणून जरा सावकाश.

नॉर्वेत आपल्यासारखी दाट गावठाणं नव्हती. वस्त्या सुट्या, एकमेकींपासून लांब, आणि प्रत्येक वस्तीला स्वतःचं नाव. माणसाचं नाव तीन पदरी: स्वतःचं, मग वडिलांचं, मग वस्तीचं. समजा, उले हान्सेन हाउगेन. हान्सचा मुलगा उले, टेकाडावर राहणारा. आपल्याकडचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि -कर लागलेलं आडनाव शेजारी ठेवून पाहा. मांडणी तीच! मी हे पहिल्यांदा कागदावर खाली-वर लिहिलं तेव्हा बराच वेळ त्या दोन ओळींकडेच बघत बसलो होतो.

फरक पुढे आहे. आपला नागावकर मुंबईत तीन पिढ्या राहिला तरी नागावकरच राहतो. उले हाउगेन सोडून बाक्केन नावाच्या वस्तीवर राहायला गेला की तो उले हान्सेन बाक्केन व्हायचा. कागदोपत्री नावबदल वगैरे काही नाही. पत्ता बदलला, एवढंच. सासरच्या वस्तीवर राहायला गेलेला जावई त्या वस्तीचं नाव लावायचा. मुली हान्सडाटर, म्हणजे हान्सची मुलगी, आणि लग्नानंतरही हान्सडाटरच.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे हान्स निल्सेन हाउगे, जन्म १७७१, ओस्टफोलमधल्या रोल्व्सॉयचा. शेतकऱ्याचा मुलगा. पाद्री नसताना गावोगाव पायी फिरून प्रवचनं केली, त्या काळी ते कायद्याविरुद्ध होतं म्हणून कैकदा अटक झाली, वर्षानुवर्षं तुरुंगात काढली. त्याच्या अनुयायांना आजही हाउगियन म्हणतात. आता नाव उलगडून पाहा. हान्स, निल्सचा मुलगा, हाउगे वस्तीवरचा. पण वडिलांच्या नावामागे लागतं एवेनरॉड, त्यांच्या मूळ वस्तीचं नाव. हाउगे येतं ते आईकडून, मारिया उल्सडाटर हाउगे हिच्याकडून. बाप-लेकाचं 'आडनाव' वेगळं, आणि त्यात कोणाला काही खटकलं नाही, कारण ते आडनाव नव्हतंच.

तीन आठवडे चुकीच्या रकान्यात

आता माझ्या कामाची खबर. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं डिजिटल दालन सगळ्यांना मोफत खुलं आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. १८०१, १८६५, १८७५, १९००, १९१० आणि आता १९२० च्याही जनगणना नावानिशी शोधता येतात. व्यक्तींची माहिती शंभर वर्षं बंद ठेवतात, म्हणून १९२० ची २०२० च्या डिसेंबरात खुली झाली.

मी १८६५ पासून सुरुवात केली. आडनावाच्या रकान्यात हाउगेन घातलं आणि जे हाती आलं ते अपेक्षेपेक्षा फारच तुटपुंजं. १९१० मध्ये मात्र हाउगेनांची रांग लागलेली. पंचेचाळीस वर्षांत हे इतके लोक आले कुठून? तीन आठवडे मी कारणं शोधत बसलो, अगदी लोकसंख्यावाढीचे हिशेब मांडले. मग एका रात्री मूळ पानाचं चित्र उघडलं. वरच्या बाजूला वस्तीचं नाव, हाउगेन. खाली कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बापाचं नाव, बस्स. बायको कोणाची तरी 'डाटर', मुलं बापाच्या नावाची. हाउगेन हे माणसाच्या नावात नव्हतंच, ते जागेच्या रकान्यात होतं. जागेच्या रकान्यात शोध घेतल्याबरोबर पानंच्या पानं भरून हाउगेन आले.

त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. १८६५ च्या गणनेत जनावरं आणि पेरणीही लिहिलेली असते. त्या घरात घोडा नव्हता. एक गाय, थोड्या मेंढ्या, पेरणीला थोडं जव आणि बटाटे. कुटुंबप्रमुखापुढे 'हुसमान' लिहिलेलं, म्हणजे मालकाच्या जमिनीच्या कडेला घर करून राहणारा आणि त्या बदल्यात मालकाच्या शेतावर राबणारा. हाउगेन नाव इतकं का पसरलं याचं माझ्या मते मोठं कारण इथे आहे. मोठ्या, जुन्या वस्त्यांची नावं खास आणि जुनी असतात. हुसमानांच्या तुकड्यांना मात्र दिसेल ते नाव पडलं: टेकाड, उतार, कुंपण, माळ. हाउगेन, बाक्केन, हागेन, मोएन. देशभर प्रत्येक खोऱ्यात. म्हणून दोन हाउगेन भेटले तर ते नात्यातले असण्याची शक्यता फारच थोडी. नातं असतं ते जमिनीच्या आकाराशी.

ज्यांना हे काम करायचंय त्यांनी स्पेलिंगकडेही लक्ष ठेवा. पाद्री डॅनिश वळणाचं लिहायचे, त्यामुळे जुन्या चर्च-वह्यांत 'ए-यू'च्या जागी 'ओ-यू' सर्रास दिसतं. मी आता अनिश्चित अक्षरांच्या जागी तारांकन टाकूनच शोधतो.

या डॅनिश वळणामुळेच आपल्या छंदातलं सगळ्यात मोठं काम उभं राहिलं. जमीन महसुलाच्या नोंदवहीतली वस्त्यांची नावं सुधारायला १८७८ मध्ये समिती नेमली गेली, तिच्यात पुरातत्त्वाचे प्राध्यापक ओलुफ रीग होते. त्यातून 'नॉर्स्के गोर्डनाव्ने', म्हणजे 'नॉर्वेतल्या शेतवस्त्यांची नावं', हे खंड जन्मले. १८९७ पासून ते निघू लागले, १८९९ मध्ये रीग वारले, पुढचं इतरांनी पुरं केलं. प्रत्येक वस्तीचं नाव, स्थानिक बोलीतला उच्चार, जुन्या कागदांतली रूपं वर्षासकट, मग व्युत्पत्ती. उच्चार आधी आणि व्युत्पत्ती नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्या गावांच्या नावांवर काम करणाऱ्यांनी हे खंड एकदा तरी चाळावेत, नॉर्वेजियन येत नसलं तरी.

१९२३

मग पत्त्याचं आडनाव झालं कधी? शहरांत आणि वरच्या वर्गात आधीपासूनच स्थिर आडनावं होती, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती खेड्यांत झिरपत होती. शिक्कामोर्तब केलं १९२३ च्या नामकायद्याने: प्रत्येक कुटुंबाचं एकच, पुढच्या पिढीला जाणारं आडनाव हवं. कोणी बापाचं -सेन कायम केलं, कोणी आजोबांचं, कोणी वस्तीचं. जो त्या घडीला टेकाडावर होता तो कायमचा हाउगेन झाला. -डाटर त्याबरोबर मावळत गेलं. २००२ च्या कायद्याने ते पुन्हा लावायची मुभा दिली आहे.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. दोनशे किंवा त्याहून कमी लोकांचं आडनाव संरक्षित असतं, ते घ्यायचं तर त्या लोकांची संमती लागते. हाउगेनला हे लागू होत नाही. नॉर्वेत आज सुमारे १४ हजार लोक हे आडनाव लावतात. साधारण ५५ लाखांच्या देशात दर चारशे माणसांमागे एक धरा. यादीच्या डोक्यावर हान्सेन, योहान्सेन, उल्सेन हीच मंडळी आहेत, पण जागेवरून आलेल्या आडनावांत बर्ग आणि हागेन यांच्याबरोबर हाउगेन अगदी पुढे आहे.

समुद्रापलीकडे

१८२५ च्या जुलैत स्टावांगरहून 'रेस्टाउराशियोन' हे छोटं जहाज ५२ माणसं घेऊन न्यूयॉर्ककडे निघालं. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन अमेरिकेला गेले. तिथे एकेका वसाहतीत इतके उल्सन आणि हान्सन झाले की टपाल कोणाचं हेच कळेना. मग अनेकांनी वस्तीचं नाव पुढे काढलं. ज्या टेकाडावरून निघालो ते टेकाड तर मागे राहिलं, आणि त्याचं नाव सपाट प्रेअरीवर, तिथल्या गवताळ मैदानांवर, नांदू लागलं.

आयोवाचे काँग्रेस सदस्य गिल्बर्ट हाउगेन हे अशाच घरातले. शेतमालाला रास्त भाव मिळावा म्हणून आणलेलं मॅकनेरी-हाउगेन विधेयक त्यांच्या नावाने ओळखलं जातं. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ते १९२७ आणि १९२८ असं दोनदा नाकारलं. आणि आयोवातच, सू सिटीत, १९०६ मध्ये जन्मले भाषाशास्त्रज्ञ आयनार हाउगेन. आईवडील नॉर्वेतल्या ओप्डालहून आलेले. अमेरिकेतल्या नॉर्वेजियन भाषेचं काय होतं, ती इंग्रजीत कशी मिसळते, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. टेकाडाचं नाव दुसऱ्या देशात कसं टिकतं हे त्यांना घरातूनच माहीत असणार.

पुढे

माझ्या नोंदींच्या पेटीत हाउगेन नावाच्या वस्त्यांची एकशे बारा कार्डं झाली आहेत. प्रत्येकावर वस्ती, परगणा, १८६५ चा रहिवासी आणि १९१० मध्ये तिथे कोण. त्यातल्या एकतीस ठिकाणी दोन्ही वर्षी एकच कुटुंब सापडलं, बाकी ठिकाणी माणसं बदलली, टेकाड तेच. आता हीच कार्डं १९२० शी ताडून पाहतोय, कायद्याच्या ऐन तोंडावर कोण कुठे होतं ते कळावं म्हणून. कोणाला गॉथिक हस्ताक्षर वाचता येत असेल तर गुडब्रान्सदालच्या चर्च-वहीतली दोन पानं माझ्याकडे अडून आहेत. नाव 'एच'ने सुरू होतं एवढं नक्की, शेवटी 'एन' आहे की नुसता 'ई', ते ठरत नाही.