सहाच्या आत

खानापूरकडची मलप्रभा मे महिन्यात दगडगोट्यांत शोधावी लागते. इकडे गणेशगुडीला मात्र काळी नदी भर उन्हाळ्यात फेसाळत असते, आणि त्यावरच आमचं पोट चालतं. त्याचं श्रेय नदीला नाही, वरच्या सुपा धरणाला आहे. १०१ मीटर उंच भिंत आणि पायथ्याशी ५०-५० मेगावॅटची दोन जनित्रं. ती फिरली की खाली पाणी, थांबली की दगड. बेंगळुरूत एसी लागले की आमच्या राफ्ट सुटतात, असं आम्ही गमतीनं म्हणतो. गमतीनं म्हणतो खरं, पण आहे ते तसंच.

माझं काम सेफ्टी कयाकचं, म्हणजे एकट्याच्या छोट्या होडीतून राफ्टवर लक्ष ठेवायचं. राफ्टच्या आधी रॅपिड, म्हणजे दगडांतून उसळणारा वेगवान टप्पा, उतरायचा, खाली खडकाआडच्या उलट्या, संथ पाण्यात, म्हणजे एडीत, कयाक वळवून थांबायचं आणि वरून कोण पडतंय ते बघायचं. बहुतेक दिवस कुणीच पडत नाही.

त्या दिवशीच्या शेवटच्या ट्रिपला बेळगावचे सहा जण होते, एकाच गल्लीतल्या गणपती मंडळाचे. गाइड रामनगरचा. त्याच्या आज्याचं गाव सुपाच्या जलाशयाखाली गेलंय. धरणाचा विषय निघाला की तो गप्प होतो, म्हणून आम्ही काढत नाही. अर्ध्या वाटेवर एक डोह लागतो. तिथं मंडळी पाण्यात उतरली, फोटो सुरू झाले. मी काठच्या खडकाला हात लावून कयाकवर बसलो होतो आणि हाताखालचा खडक ओला लागला. पाण्याच्या वर चार बोटं काळी ओली पट्टी, वरचा भाग उन्हानं पांढरा. थोड्या वेळात पट्टी वीतभर झाली. खालच्या रॅपिडचा घोगरा आवाजही बदलून खळखळ ऐकू यायला लागली होती.

जनित्र बंद झालं होतं. धरणाशी पाणी थांबलं म्हणून नदी एकदम आटत नाही. हा उतार, म्हणजे पातळी घटणं, वरून खाली सरकत येतो. तो प्रवाहापेक्षा थोडा जलद सरकतो, तरी न थांबता वल्हवत राहिलं तर मौळंगीपर्यंत, म्हणजे ट्रिप संपते तिथपर्यंत, पुरेसं पाणी सापडतं. डोहात रमलं की तो गाठतो.

"चल, उचल," मी गाइडला म्हणालो.

"दादा, एकच फोटो की ओ," मागून एकजण.

पुढच्या रॅपिडला एरवी ज्या दगडावरून राफ्ट सरकून जाते, तो टक्कल बाहेर काढून बसला होता. राफ्ट आडवी होऊन त्यावर आदळली. गाइड "हाय साइड!" ओरडला आणि पोरांनी खरोखर अंग दगडाच्या बाजूला टाकलं, म्हणून ती उलटली नाही. पण बूड चिकटलं ते चिकटलंच. आणि त्यातला सगळ्यात धिप्पाड गडी, मदत म्हणून, ढकलायला खाली उतरला.

पाणी मांडीपर्यंतच होतं. तेच वाईट. खोल पाण्यात माणूस तरंगतो; मांडीभर वाहत्या पाण्यात तो उभा राहतो, पाय दगडांच्या फटीत जातो आणि मागून पाणी त्याला पुढे पाडतं. एकदा तोंड पाण्यात गेलं की ताकदीचा उपयोग नाही. "पाय वर, आडवा हो!" असं मी ओरडेपर्यंत तो गुडघ्यातून वाकला होता. "पाय अडकला की ओ," एवढंच म्हणाला, आश्चर्य वाटल्यासारखं.

मी खालच्या एडीत कयाक घातली, कमरेभोवतीचं पाणी अडवणारं झाकण, स्प्रे स्कर्ट, ओढून बाहेर पडलो आणि थ्रो बॅग, म्हणजे दोराची पिशवी, राफ्टवरच्या गाइडकडे फेकली. एक टोक त्याच्याकडे, एक काठावर माझ्याकडे, मधला दोर गड्याच्या छातीसमोर ताणलेला. त्यावर त्यानं दोन्ही काखा टाकून भार द्यायचा. तो टेकला. तोंड वर राहिलं. पाणी धरणाच्या तळचं, मे महिन्यातही हाडं गोठवणारं. त्याचे ओठ निळे पडत चालले होते.

पावणेपाच झाले होते. पाणी उतरतंय ते आता आमच्या बाजूचं होतं, पण संध्याकाळी दिवेलागणीला विजेची मागणी चढते आणि जनित्र पुन्हा फिरतं. चढतं पाणी उतरत्यापेक्षा धसमुसळं असतं, आणि त्याआधी मांडीभर असलेलं तिथं छातीभर होतं. धरणाचा भोंगा इतक्या लांब ऐकू येत नाही, फोनला रेंज नाही. मी मनात सहा धरले. गड्याला हे सांगितलं नाही. त्याचे मित्र मात्र सारखे "पाणी कधी येतंय ओ?" विचारत होते, त्यांना राफ्ट सुटायची घाई.

पाणी नडगीपर्यंत आल्यावर मी दोराच्या आधारानं त्याच्यापर्यंत गेलो. बूट दोन दगडांत पाचरीसारखा बसला होता. पुढे ओढून काही होत नाही. ज्या दिशेनं पाय शिरला त्याच्या उलट, म्हणजे प्रवाहाच्या वर, काढावा लागतो. लेस चाकूनं कापली, टाच वर उचलली, त्याला मागे रेलायला लावलं. पाय मोज्यासकट बाहेर आला. बूट अजून तिथंच असेल.

सव्वापाच वाजले होते. सगळ्यांना काठावर घेतलं, राफ्ट दोरानं जांभळीच्या बुंध्याला बांधली. लंगडणाऱ्याला मध्ये धरून मंडळी रानातल्या वाटेनं गाडीरस्त्याकडे लागली. व्याघ्र प्रकल्पाचं रान, त्यामुळं फोटोवाला आता सगळ्यात पुढे होता आणि जोरजोरात बोलत होता.

पाणी सहाला आलं नाही. पावणेसातला आलं. राफ्ट आपोआप सुटली, दोराला झटका बसला. गाइड आणि मी ती काळोख व्हायच्या आत मौळंगीला नेली. घोटा सुजला होता, पण दांडेलीच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून हाड शाबूत असल्याचं सांगितलं. मंडळानं उरलेल्या अर्ध्या ट्रिपचे पैसे परत मागितले. मालकानं दिले.